बढती मिळाली, पण आता डब्याला कोणी बोलवत नाही

भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांमध्ये नव्याने सुपरवायझर झालेले बरेच असतात. प्रत्येकाची हकिकत वेगळी असली तरी मूळ तक्रार एकच असते. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी मशीनवर उभा राहिलो ते मी दिसताच गप्प होतात, साहेब लोक मला अजून आपल्यातला मानत नाहीत, मग मी नेमका कोणाचा? हा प्रश्न जुना आहे. हार्वर्डमधील फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांनी फोरमनच्या या कोंडीवर १९४५ मध्येच लिहिले होते. आपल्याकडे तर कायद्यानेच ही रेषा आखलेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि ठरावीक रकमेहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जात असे. ती मर्यादा २०१० मध्ये १,६०० रुपयांवरून १०,००० वर गेली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती १८,००० केली. म्हणून एकटे पडल्यासारखे वाटते असे सांगणाऱ्याला मी आधी एवढेच म्हणते की तुमच्या मनात काही बिघडलेले नाही, तुमची जागाच तशी आहे.

पण जागा तशी असणे वेगळे आणि तिच्यात गुदमरणे वेगळे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीने मी काम करते, त्यामुळे समोरचा माणूस कोणता हट्ट उराशी धरून बसला आहे, हे मी प्रथम शोधते. ओळख पटू नये इतका तपशील बदलून एक उदाहरण सांगते.

आयटीआय करून कारखान्यात लागलेला, बरीच वर्षे ऑपरेटर म्हणून काढलेला आणि हाताला कसब असलेला हा तरुण सुपरवायझर झाल्यावर वर्षभरातच माझ्याकडे आला. खरे तर त्याच्या पत्नीने त्याला आणले. झोप उडाली होती, घरात पोरांवर ओरडणे वाढले होते आणि त्याला पुन्हा ऑपरेटर व्हायचे होते. “मॅडम, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झालीय,” तो म्हणाला. कामाचा दिवस कसा जातो हे विचारल्यावर लक्षात आले की तो सुपरवायझरचे काम करतच नव्हता. कोणी गैरहजर असेल तर स्वतः मशीनवर उभा राहायचा, माल स्वतः ओढायचा, रिपोर्ट घरी नेऊन लिहायचा. कोणाला काही सांगावे लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा होता.

खरी गाठ एका मित्राच्या मशीनवर होती. तिथे बोअर, म्हणजे नगातले भोक, तपासण्यासाठी गो-नोगो गेज हे दोन बाजूंचे मापक वापरायचे असते. गो बाजू भोकात गेली पाहिजे, नोगो बाजू जाता कामा नये. टूल झिजत जाते तसे भोक लहान होत जाते, म्हणून दर तासाला काही नग तपासून चेकशीटवर नोंद करायची. मित्र शिफ्ट संपताना सगळ्या रकान्यांत एकदम टिका मारायचा, आणि हे ठाऊक असूनही आमचा माणूस खाली सही करायचा. माल ग्राहकाकडून परत आला तेव्हा मित्राचे नाव न घेता त्याने रात्री थांबून स्वतः रिवर्क केला.

“त्याला काही का बोलला नाहीत?”

“बोललो तर तो माझ्यासोबत जेवायचा बंद होईल.”

“आणि न बोलल्यावर जेवतो?”

तो हसला, पण ते हसू फार टिकले नाही. मित्र केव्हाच दुसऱ्या टेबलावर बसू लागला होता.

अनेक भेटी आम्ही याच वर्तुळात फिरत होतो. सर्वांना मी आवडलोच पाहिजे हा हट्ट आहे, हे त्याला डोक्याने पटत होते, पण दुसऱ्या दिवशी हात पुन्हा सहीकडे जात होता. असे पटणे फारसे उपयोगाचे नसते. म्हणून एकदा मी बाजूच बदलली.

“तुमच्या जागी कोणी अनोळखी सुपरवायझर असता, तर तुमच्या या मित्राचं काय झालं असतं?”

“पहिल्याच आठवड्यात झापला असता त्याला.”

“मग?”

“मग काय, चार दिवस रुसला असता. पण सवय सुटली असती.” तो थांबला. बराच वेळ बोलला नाही. मीही बोलले नाही, कारण अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडले की हातात आलेले निसटते. मग तो हळूच म्हणाला, “म्हणजे परक्या माणसाने त्याचं माझ्यापेक्षा जास्त भलं केलं असतं.”

मी हे वाक्य त्याला देऊ शकले असते, पण दिलेले वाक्य सल्ला ठरते आणि स्वतःला सापडलेले वाक्य माणूस शॉपफ्लोअरवर घेऊन जातो. माझ्या पद्धतीवरचा माझा विश्वास अशाच क्षणांनी पक्का झाला आहे. मित्राला सांभाळतो आहोत असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात तो स्वतःच्या भीतीला सांभाळत होता आणि त्याची किंमत मित्र मोजत होता.

पुढचे काम सरावाचे होते. मित्राशी बोलायचे ते लाइनवर सगळ्यांसमोर नाही आणि चहाच्या टपरीवर थट्टेतही नाही. शिफ्टच्या सुरुवातीला, बाजूला घेऊन, फक्त या एका गोष्टीबद्दल. जुने उणेदुणे काढायचे नाही आणि मैत्रीची शपथही घालायची नाही. आधी कारण विचारायचे. कारण विचारल्यावर कळले ते असे की दोन मशीनना मिळून एकच गेज होते आणि ते दुसऱ्या टोकाच्या टेबलावर असायचे. तासाचे टार्गेट सांभाळून दर वेळी तिथे जाऊन येणे अवघड होते. मित्राने पूर्वी कँटीनमध्ये हे बोलूनही दाखवले होते, पण तेव्हा सगळ्यांनी ते हसण्यावारी नेले होते. दुसरे गेज मागण्यासाठी आमच्या माणसाला साहेबांकडे जावे लागले, आणि ती त्याची दुसरी परीक्षा होती, कारण साहेबांपुढे त्याच्या तोंडून ‘हो सर’ शिवाय काही निघत नसे. साहेबांपुढे बोलण्याची सवय व्हावी म्हणून आम्ही एक वाक्य घोटून घेतले: “आज दोन माणसं कमी आहेत, एवढे नग निघतील, जास्त हवे असतील तर ओव्हरटाइम मंजूर करा.” नकार न देता हिशेब मांडणे हे सुपरवायझरने शिकण्यासारखे कौशल्य आहे. शुक्रवारी बढतीचे पत्र देऊन सोमवारी माणसाला लाइनवर उभे करणाऱ्या व्यवस्थापनाने ते शिकवले असते तर माझ्याकडची गर्दी थोडी कमी झाली असती.

दुसरे गेज आले. मित्र महिनाभर तुटक वागला, मग कामापुरते बोलू लागला. पूर्वीची मैत्री परतली नाही, आणि ती परतेल असे आश्वासन मी कोणालाच देत नाही. झोप मात्र सुधारली. (झोप दोन-तीन आठवडे सलग उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर बढतीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे, टेली-मानसची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनीही आहे.) या पदाचा आनंद त्याला पुढे कुठे मिळाला असेल तर तो आपण शिकवलेल्या मुलाच्या हातून बिनचूक नग निघताना पाहण्यात.

शेवटच्या भेटीत नोकरी सोडण्याचा विषय निघालाच नाही. नवा अप्रेंटिस आपल्यासमोर घाबरतो, त्याला गेज वापरायला कसे शिकवावे, असे त्याने विचारले. मी म्हणाले, “पहिला नग त्याला तुमच्यासमोर मोजू द्या, काय करतोय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या, आणि चुकला तरी गेज त्याच्या हातातून काढून घेऊ नका.”