माझ्या स्वस्त, गोल मानेच्या रेझोनेटर गिटारचा (जिच्या पोटात आवाज मोठा करणारा धातूचा शंकू, म्हणजे कोन, असतो; माझ्या गिटारमध्ये एकच आहे) आवाज पत्र्यासारखा येतो आणि तार झणझणते. कोन, ट्यूनर (तारांच्या खुंट्या), पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारं यंत्र) यांतलं आधी काय बदलावं? आणि ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची का?

तूर्त काहीच मागवू नका. ट्यूनर आणि पिकअपवर तर काटच मारा. या गिटारचा आवाज एकाच वाटेने जातो: तार, सॅडल म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी, सॅडलखालची लाकडी चकती म्हणजे बिस्किट, आणि मग ॲल्युमिनियमचा कोन. स्वस्त गिटारमध्ये ही वाट कुठेतरी ढिली राहिलेली असते. ती घट्ट करायला बहुतेक वेळा सँडपेपर आणि एक निवांत रविवार पुरतो.

थोडा पत्रा राहणारच, हेही सांगून ठेवतो. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीने जॉन डोपेरा यांच्या रचनेची पहिली रेझोनेटर गिटार आणली, ती विजेशिवाय बँडच्या गोंगाटात ऐकू यावी म्हणून. गोडवा हा हेतू नव्हता. तुमच्या गिटारसारख्या एका कोनच्या, बिस्किटवाल्या गिटारमध्ये सूर तडक उठतो आणि लवकर विरतो. लांब आस, म्हणजे रेंगाळणारा सूर, हवी असेल तर ती कोन बदलूनही मिळणार नाही.

आता उघडा. तारा सैल करा, पहिल्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा म्हणजे त्या खुंट्यांवरून निसटणार नाहीत, आणि टेलपीस (तारांची मागची टोकं धरणारा तुकडा) तारांसकट बाजूला घ्या. कव्हरप्लेट, म्हणजे वरचं धातूचं झाकण, काढल्यावर कोन दिसेल. तो चिकटवलेला नसतो, नसावाही. नुसत्या तारांच्या दाबावर बसतो. एखाद्या कारखान्याने सिलिकॉन लावलेलं असलं तर ते हळूच सोडवा. सॅडलची जागा आधी पेन्सिलीने खुणावून ठेवा, नाहीतर परत बसवताना सूर जुळणार नाहीत. कोन मधोमध बोटाने दाबू नका, कडेने उचला. कोन जिथे टेकतो त्या लाकडी कडेवरून बोट फिरवा. पॉलिशचा सुकलेला थेंब, गोंदाची गाठ, भुसा, काही ना काही हाताला लागतंच. ते घासून सपाट करा. मग कोन काचेवर ठेवून बघा. डुगडुगत असेल तर झणझण तिथूनच येते.

खरी मेख सॅडलमध्ये आहे. स्वस्त गिटारमध्ये ते मऊ लाकडाचं किंवा प्लास्टिकचं असतं आणि बिस्किटाच्या खाचेत हलतं. घट्ट मेपलचं सॅडल बसवा, खाली फट अजिबात नको. शिसवीचंही चालेल, पण जड लाकडाने आवाज थोडा काळवंडतो. तारेच्या खाचा अशा हव्यात की तार मानेकडच्या कडेवरून सुटेल आणि मागे टेलपीसकडे उतार असेल. खाच सपाट आणि रुंद असली की तार तिच्यावर घासत राहते आणि सतारीसारखी जवारी लागते. सतारीत ती मुद्दाम काढतात, इथे ती खोट आहे. मिरजेकडे जाणं-येणं असेल तर एखाद्या सतार बनवणाऱ्याला दाखवा. त्याने गिटार हातात धरली नसली तरी हे दुखणं तो लगेच ओळखेल. खाच तारेच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल नको. सॅडल वरच्या हॅंडरेस्टला (कव्हरप्लेटवरच्या, हात टेकवायच्या कमानीला) टेकत नाही ना, तेही बघा.

परत बसवताना टेलपीस कव्हरप्लेटवर खडखडत असेल तर खाली चामड्याचा तुकडा सरकवा. तारा १३-५६ च्या घ्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). १० च्या बारीक तारा कोनवर पुरेसा दाबच टाकत नाहीत, आणि 'कोन भिकार आहे' असा निकाल लोक तिथेच देऊन टाकतात. बाराव्या पट्टीवर तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर ठेवली तर स्लाइड (तारेवर सरकवायची नळी) आणि बोटं दोन्ही चालतात.

एवढं करूनही आवाज कोंदट राहिला तर मग कोन घ्या, आणि तो लेथवर फिरवून काढलेलाच घ्या. स्वस्त गिटारमध्ये साच्यात दाबलेले, जाड पत्र्याचे असतात. मागवण्याआधी लाकडी बैठकीचा व्यास मोजा. बिस्किटवाला कोन सहसा साडेनऊ इंचांचा असतो, पण आयात गिटारमध्ये साडेदहाचीही बैठक सापडते. नवा कोन पहिले काही आठवडे आखडलेला वाटतो, वाजवत राहिलात की मोकळा होतो.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची का, असंही तुम्ही विचारलंय. नटवर (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवर) उंची वाढवणारा तुकडा लावून जमतं. फक्त डोब्रोवाल्यांचं (डोब्रो म्हणजे मांडीवर आडवी वाजवायची रेझोनेटर गिटार) जी-बी-डी-जी-बी-डी ट्यूनिंग लावू नका: त्यात खर्जाच्या दोन जाड तारा बऱ्याच वर चढवाव्या लागतात, आणि तो ताण चौकोनी, जाड मानेसाठी आहे. तुमच्या गोल मानेला डी-जी-डी-जी-बी-डी लावा.