फिलर बरोबर सरकतो, तरी टॅपेट वाजतंच कसं?

प्रश्न : नमस्कार. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, दोघा मित्रांबरोबर एक टू-सीटर होमबिल्ट, म्हणजे कुणीतरी हौसेने स्वतः बांधलेलं, विमान सेकंडहँड घेतलंय. त्याला बीटल गाडीच्या इंजिनावरून बनवलेलं २१८० सीसीचं फोक्सवॅगन इंजिन आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, आम्ही नियमित चेक करतो, ०.००६ इंचाचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) अगदी हवा तसा घट्टसर सरकतो, तरी दोन व्हॉल्व्ह टकटक करतातच. फट ठरवणारे अॅडजस्टर स्क्रू अजून थोडे आत घ्यावेत का? आणि हे काम आमचं आम्ही केलं तर चालतं ना?

उत्तर : आत घेऊ नका! आधी त्या दोन व्हॉल्व्हचे अॅडजस्टर स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि व्हॉल्व्हवर टेकणारं त्यांचं तोंड उजेडात धरून बघा, मला जवळजवळ खात्री आहे की तिथे खळगा पडलेला असणार. फिलरची पट्टी सपाट, ती खळग्याच्या काठांवर आडवी बसते आणि आतली फट तिला कळतच नाही. म्हणजे फिलर म्हणतो ०.००६ इंच, आपल्या भाषेत ०.१५ मिलिमीटर, पण खरी फट त्याहून जास्त, आणि आवाज त्याचाच.

स्क्रू न काढताही अंदाज घेता येतो. मूळ फोक्सवॅगन रॉकर असतील तर त्या स्क्रूचे आटे ८ मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे असतात, म्हणजे एक अख्खा फेरा फिरवला की १ मिलिमीटर. स्क्रू फट शून्य होईपर्यंत हलक्या हाताने टेकवा, मग ५४ अंश मागे घ्या, साधारण सातवा हिस्सा फेरा. आता खरी फट ०.१५ झाली. यात ०.१५ चा फिलर घुसतच नसेल तर खळगा आहे, विषय संपला.

उपाय म्हणजे नवीन स्क्रू. ग्राइंडरवर घासून सपाट करायचा मोह होईल, तो आवरा, वरचा कडक थर गेला की लवकरच परत तेच. व्हॉल्व्हचं टोकही बघा, तिथे खड्डा असेल तर नुसता स्क्रू बदलून भागणार नाही. स्विव्हल फूटवाले अॅडजस्टर मिळतात, त्यात टोकाला फिरता सपाट पाय असतो, तो पूर्ण टेकतो आणि व्हॉल्व्ह गाईडवर बाजूने येणारा जोरही कमी होतो. मला ते आवडतात, पण दर वेळी तो पाय बोटाने हलवून बघायचा, सैल वाटला की बदलायचा, कारण हवेत असताना तो सुटून पडला तर तो व्हॉल्व्ह धड उघडणारच नाही.

आता खरं महत्त्वाचं. तुम्ही आवाजाला घाबरताय, मला भीती गप्प व्हॉल्व्हची वाटते. फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, ती वाट बंद झाली की तो जळतो, आणि हे होताना आवाज मात्र काहीच येत नाही. म्हणून फट सेट करायच्या आधीचा आकडा लिहून ठेवा, आठही व्हॉल्व्हचा वेगवेगळा. बहुतेक लोक नंतरचा लिहितात, तो काय, दर वेळी ०.००६ च असणार! एकच एक्झॉस्ट दर वेळी घट्ट होत असेल तर व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट खचतेय, तिथे स्क्रू फिरवत बसू नका, हेड उतरवा. उलट एका बाजूच्या सगळ्या फटी एकदम वाढल्या तर हेड आवळून धरणारे स्टड इंजिनाच्या केसमधून उपटतायत का ते बघा.

बाकी पद्धत तुम्हाला माहीत असेलच. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर थांबलेलं उत्तम. प्लगला ठिणगी देणारा मॅग्नेटो ऑफ, तरी प्रोपेलर जिवंतच समजायचा, कारण ग्राउंडची वायर तुटलेली असेल तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो चालू असतो, त्यामुळे प्रत्येक सिलिंडरचा किमान एक प्लग काढूनच फिरवा. सिलिंडर पेटायचा क्रम १-४-३-२. तीन नंबरचे दोन्ही रॉकर एकदम हलायला लागले, एक मिटतोय दुसरा उघडतोय, की एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आला, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेत, असं समजा. पण आधी नंबर मॅन्युअलमधून बघून घ्या, गाडीत इंजिन ज्या तोंडाने बसतं तसंच विमानात बसेल असं नाही. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर फिलर परत घालायचाच. आणि ०.००६ हा आकडा मूळ अॅल्युमिनियमच्या पुशरॉडसाठी (रॉकरला ढकलणाऱ्या दांड्यांसाठी) आहे, क्रोमोलीचे, म्हणजे स्टीलचे, असतील तर गरम झाल्यावर फट वाढते, तेव्हा थंड इंजिनावर जवळजवळ शून्यच ठेवतात.

स्वतः करायचं का? हो, तिथे अशा होमबिल्ट, म्हणजे कायद्याच्या भाषेत अॅमॅच्युअर-बिल्ट, विमानाचं मेंटेनन्स कुणीही करू शकतो. पण दर १२ महिन्यांच्या कंडिशन इन्स्पेक्शनची सही कुणाचीही चालत नाही, ए अँड पी (एअरफ्रेम अँड पॉवरप्लांट) मेकॅनिकची चालते, तसंच ज्याने विमान बांधलं त्याच्याकडे रिपेअरमन सर्टिफिकेट असेल तर त्याची. तुम्ही सेकंडहँड घेतलंय, ते सर्टिफिकेट विमानाबरोबर येत नाही.

प्रश्न : सर, मी नागपूरला एएमईचा (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) कोर्स करतेय. सेसना १५२ ला टॅपेट सेट करतात पण १७२ ला नाही, असं का?

उत्तर : १५२ मध्ये लायकमिंगचं ओ-२३५ इंजिन आहे, त्यात सॉलिड टॅपेट (इथे टॅपेट म्हणजे पुशरॉडला ढकलणारा भाग, त्यालाच लिफ्टरही म्हणतात), म्हणून स्क्रू आणि लॉकनट. १७२ मधल्या लायकमिंगला, म्हणजे जुन्यात ओ-३२० आणि नव्यात आयओ-३६०, हायड्रॉलिक टॅपेट, फट तेलच भरून काढतं, फिरवायला स्क्रूच नाही. पण म्हणून तिथे मोजायचं काहीच नसतं असं समजू नकोस गं. सिलिंडर बदलला की लिफ्टरमधलं तेल पूर्ण काढून ड्राय क्लिअरन्स मोजतात, ०.०२८ ते ०.०८० इंचात यायला हवा, नाही आला तर वेगळ्या लांबीचा पुशरॉड घालायचा. तेल आत राहिलं तर माप खोटं येतं आणि व्हायवात नेमकं हेच विचारतात. १५२ चा आकडा मात्र त्याच इंजिन मॉडेलच्या चालू मॅन्युअलमधून घे, वर बीटलवाल्यांना सांगितलेला नको, आणि सही लायसन्सवाल्या एएमईचीच.