फी नेमकी कशासाठी भरायची?

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची आहे. आम्ही दोघं रोजंदारीवर जातो. वस्तीतली सरकारी शाळा मोफत आहे, पण शेजारपाजारची मुलं गल्लीतल्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातात. ओढाताण करून फी भरता येईल. काय करू? – एक आई

उत्तर: ताई, पहिलीची फी भराल, पण दहावीपर्यंत दहा वर्षं जमेल का? आजारपण आलं, काम सुटलं की आधी फी थकते. मग शाळा बदलावी लागते, तीही माध्यमासकट, आणि यात मुलीचेच हाल होतात.

आंध्र प्रदेशातल्या गावांत २००८ मध्ये सरकारी शाळांतल्या काही मुलांना सोडत काढून खासगी शाळेची शिष्यवृत्ती दिली गेली. चार वर्षांनी तपासलं, तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. हिंदीत खासगीतली पुढे होती. पण खासगी शाळांनी हे बऱ्याच कमी खर्चात आणि तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊन साधलं, हेही मान्य करायला हवं. म्हणून नुसतं ‘सरकारी’ किंवा ‘इंग्रजी माध्यम’ हे नाव पाहून ठरवू नका.

एक दिवसाचा खाडा झाला तरी चालेल, पण शाळा भरलेली असताना दोन्हीकडे जाऊन या. किती वर्गांवर शिक्षक आहेत, ते बघा. तिसरीतल्या एखाद्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगा आणि त्याचा अर्थ घरच्या भाषेत विचारा. घडाघडा इंग्रजी वाचूनही अर्थ सांगता येत नसेल, तर ते पाठांतर आहे. खासगी शाळेत आणखी दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षीचे किती शिक्षक टिकले आणि मान्यता कितवीपर्यंत आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. त्यासाठी अर्ज जरूर करा. मात्र हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असतं, पुढच्या दोन वर्षांचा विचार आत्ताच करून ठेवा.

सरकारी शाळेतली मुलं समजून वाचत असतील, तर बिनधास्त तिथे घाला आणि फीचे पैसे पुढच्या शिक्षणासाठी बाजूला टाका. तिथे वर्ग शिक्षकांविना दिसले, तर खासगीत घाला, मनाला लावून घेऊ नका. फक्त वाचायला सांगाल तेव्हा शाळेने पुढे केलेलं हुशार मूल घेऊ नका, मागच्या बाकावरचं निवडा.