१९००-१९२० च्या काळात अमेरिकन रंगभूमीवर दुय्यम भूमिका करणाऱ्या नटांचं कसं चालायचं?

हाल असायचे हो. तालमीचा एक पैसा मिळायचा नाही, कित्येक आठवडे फुकट राबायचं आणि नाटक चार दिवसांत पडलं की पगार पण चारच दिवसांचा, त्यात कपडे बऱ्याचदा स्वतःच्या खर्चाने. दौऱ्यावर कंपनी बुडाली तर परतीचं रेल्वेभाडं नटानेच बघायचं.

फ्रँक बेकन या नटाचं बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अल्काझार थिएटरमध्ये वर्षानुवर्षं बाजूच्या भूमिका, १९०६ च्या भूकंपानंतर न्यूयॉर्क, तिथेही पुन्हा तेच. पन्नाशी उलटल्यावर १९१८ मध्ये 'लाइटनिन' आलं, विंचेल स्मिथसोबत त्यानेच लिहिलेलं, मेन रोल त्याचाच आणि तब्बल १,२९१ प्रयोग! पण मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. ऑगस्ट १९१९ मध्ये अ‍ॅक्टर्स इक्विटी या नटांच्या संघटनेचा संप झाला तेव्हा स्वतःचं नाटक जोरात चालू असताना हा माणूस छोट्या नटांसाठी संपावर गेला. महिनाभरात नाटकं काढणारे मॅनेजर नमले, आठवड्याला आठच प्रयोग ठरले आणि फुकटच्या तालमींना मर्यादा आली. तालमीचा पगार मात्र पार १९३० च्या दशकात सुरू झाला.