इंजिन खोलण्याआधी गाडीखाली बघा

प्रश्न : आमची गाडी २०११ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. काही वर्षांमागे कळंगुटच्या एका कुटुंबाकडून सेकंडहँड घेतली. मी साखळीला राहते, शाळेत शिकवते. आईला डायलिसिससाठी बांबोळीला न्यावं लागतं. गेल्या चतुर्थीपासून गाडी वाटेत अचानक बंद पडते, बाणस्तारीच्या पुलाजवळ वाहनांची रांग असली की हमखास. अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू होते आणि पुढे काही त्रास देत नाही. बॅटरी, प्लग, पेट्रोल फिल्टर सगळं बदलून झालं. आता गॅरेजवाले म्हणतात, इंजिन खोलावं लागेल, ४५ हजार होतील. नोंदणीची पंधरा वर्षं यंदा संपतात. भाऊ म्हणतो, आता ती भंगारातच जाणार, ६० हजार मिळताहेत तोवर देऊन टाक आणि कर्ज काढून नवी घे. शेजाऱ्यांच्या मते हा एथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम. काय करू?
– एक शिक्षिका, साखळी

उत्तर : ताई, आधी एक विनंती. गाडीचा निकाल लागेपर्यंत डायलिसिसच्या दिवशी तिच्यावर विसंबू नका. ओळखीचा टॅक्सीवाला त्या दिवसांसाठी ठरवून ठेवा. थकलेल्या आईंना घेऊन भर उन्हात पुलापाशी उभं राहायचं, हे मला तुमचं पत्र वाचतानाच सोसवलं नाही. शिवाय ती टांगती तलवार असेपर्यंत गाडीचा निर्णय तुम्ही घाईतच घ्याल.

आता इंजिन. ते खोलू देऊ नका. गाडी निळा धूर सोडते का? वरचेवर ऑइल भरावं लागतं का? सकाळी चढावर दम टाकते का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. जे इंजिन अर्धा तास थंड झाल्यावर नीट घरी आणतं, त्याच्या पिस्टनला सहसा काही झालेलं नसतं. तरी शंका असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या, थोडक्यात होतं. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत व्हायची.

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, या लक्षणाला आम्ही गॅरेजवाले आधी दोनच गोष्टींवर संशय घेतो : क्रँक सेन्सर आणि गाडीच्या टाकीतला पेट्रोल पंप. क्रँक सेन्सर म्हणजे इंजिनाला खेटून बसवलेलं बोटाएवढं यंत्र. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत तारेची बारीक गुंडाळी असते. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, फिरतोय की नाही हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. जुनी गुंडाळी तापली की आतल्या आत तुटते, सिग्नल जातो आणि कॉम्प्युटर स्पार्क नि पेट्रोल दोन्ही बंद करतो. थंड झाली की तार पुन्हा जुळते. रांगेत गाडी रेंगाळते, बॉनेटखाली वारा लागत नाही, म्हणून तुमची गाडी नेमकी पुलाजवळच बसते.

पुढच्या वेळी बंद पडली की हे करा. किल्ली फक्त 'ऑन'पर्यंत फिरवा आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोनेक सेकंद 'घूं' असा आवाज यायला हवा, तो पंपाचा. आवाज नाही आला तर पंप, त्याचा रिले किंवा वायरिंग बघायचं. आवाज आला तर स्टार्टर मारताना आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या, काट्याकडे बघा. स्टार्टर फिरतोय आणि काटा जागचा हलतही नाही, तर दोष सेन्सरचा समजा. हे कागदावर लिहून मेकॅनिकला द्या. स्कॅनरवर कोड दिसेलच असं नाही. चांगला मेकॅनिक सेन्सर काढून हॉट एअर गननं तापवतो आणि मीटर लावून रेझिस्टन्स बघतो. सेन्सर साधारण हजार-दोन हजारांत येतो, पंपाला त्याहून जास्त लागतात. ४५ हजारांच्या जवळपासही दोन्ही जात नाहीत.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. २० टक्के एथेनॉलचं पेट्रोल तुमच्या गाडीच्या वेळी पंपावर मिळत नव्हतं. जुने रबरी पाइप आणि सील त्यानं लवकर कडक होतात, तडकतात. ते पाइप बदलून घ्याच. पण अर्ध्या तासात बरं होणारं दुखणं सहसा पेट्रोलचं नसतं.

पण सेन्सरवर पैसे घालण्याआधी गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून बघा. माझ्या मते गोव्यात जुन्या गाडीचा फैसला इंजिन करत नाही, गंज करतो. तुमची गाडी कळंगुटला राहिलेली, म्हणजे खारा वारा खाल्लेली. वर सत्तरी-डिचोलीकडचा पाऊस. गॅरेजवाल्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दाराखालचा उंबरठा, जॅक लावायच्या जागा, मागचा ॲक्सल आणि पुढची चाकं धरणारे आर्म जिथे बॉडीला धरलेत ती जागा ठोकून बघायला सांगा. टणक आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भद्द आवाज आला, तपकिरी पापुद्रे गळले, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर आत गेलं, तर पत्रा संपला. ब्रेकचे लोखंडी पाइप हातानं चाचपा. पायपोस उचलून खालचं कार्पेट ओलं आहे का बघा. आणि कुठे ताजं काळंभोर अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला मारतात तो लेप, दिसलं तर तिथे जास्त ठोका. गंजावरच कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आणखी वेगानं खाल्ला जातो.

आर्म आणि ॲक्सल धरणाऱ्या जागा कुजल्या असतील तर गाडी विका, सेन्सरवरही खर्च करू नका. तिथे ठिगळं लावून आईंना त्यात बसवू नये, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. फक्त उंबरठ्याला एखादं भोक असेल तर वेल्डिंगनं भागतं.

खालचा पत्रा धड निघाला, तर मी गाडी ठेवीन. पंधरा वर्षांनी भंगारात हे भावाचं म्हणणं गोव्याला लागू नाही. दहा वर्षांचं डिझेल, पंधरा वर्षांचं पेट्रोल हा वाद दिल्ली आणि आसपासचा. आपल्याकडे नोंदणी वाढवायचा फॉर्म २५ भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. चारचाकीची केंद्राची फी २०२२ पासून ५ हजार आहे. नोंदणी संपायची वाट बघू नका, आधीच अर्ज करा.

हिशोबही मांडू. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानं छोट्या गाड्या स्वस्त झाल्या, हे खरं. तरी ५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १०,४०० बसतो, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. सेन्सर, पंप, पाइप, टायर, नोंदणी सगळं धरलं तरी जुनीचा या वर्षीचा खर्च त्याच्या निम्म्यावर जाऊ नये. दुरुस्तीनंतर महिनाभर गाडी आधी शाळेला न्या, बाजाराला न्या, मुद्दाम रांगेत उभी करा. एकदाही बंद पडली नाही, मगच बांबोळीला काढा. खरा बिघाड सापडून दुरुस्त झाल्यावरही ती अडली, तर मात्र विकायचा विचार करा. तुमच्या कामाला अडणारी गाडी परवडणारी नाही, मग ती कितीही स्वस्तात चालो.

विकायची वेळ आलीच तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून मोकळ्या होऊ नका. आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढल्याचं स्वतः बघा. तोपर्यंत चलन येवो की अपघात होवो, आरटीओच्या लेखी मालक तुम्हीच.