क्वासिक्रिस्टलवर पोट भरतं का?

शिरोली एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगची छोटी फौंड्री चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी तिनं 'क्वासिक्रिस्टलाइन अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू: उत्प्रेरक म्हणून उपयोग' हा विषय घेतला आणि आता त्यातच संशोधन करायचं म्हणून हटून बसली आहे. घरच्यांनी बी.एड. सुचवलंय. 'यात नोकरी आहे का, स्पष्ट सांगा,' असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार. स्पष्टच सांगतो. 'क्वासिक्रिस्टलचा जाणकार पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला कुठल्याही पेपरात सापडणार नाही. तरीही मुलीला अडवू नका.

तिनं विषय निवडलाय तो तुमच्या भट्टीशेजारचाच. अ‍ॅल्युमिनियमच्या वितळीत लोखंड शिरलं की कास्टिंग ठिसूळ होतं, म्हणून तुम्ही भंगार पारखून घेता. क्वासिक्रिस्टल म्हणजे ज्यातल्या अणूंची मांडणी शिस्तीची असते, पण नेहमीच्या स्फटिकासारखी तीच तीच पुन्हा येत नाही, असा पदार्थ. त्याच्या दुनियेत मात्र अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि लोखंड मुद्दाम एकत्र वितळवतात. शंभर अणूंत साधारण 63, 25 आणि 12 या प्रमाणात. तयार होणारा पदार्थ काचेसारखा फुटतो. तुमच्या धंद्यात तो माल रिजेक्ट, पण उत्प्रेरकासाठी, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या पदार्थासाठी, भुकटीच लागते, त्यामुळे इथं तोच गुण ठरतो.

चौकोनी किंवा षटकोनी फरशी फटी न ठेवता बसते, नुसती पंचकोनी बसत नाही. स्फटिकातही पाचपटीची सममिती, म्हणजे एका फेरीत पाच वेळा तीच दिसणारी रचना, अशक्य, असंच सगळे धरून चालले होते. 1982 मध्ये डॅन शेख्टमन यांना झपाट्यानं थंड केलेल्या अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजमध्ये ती दिसली, आणि क्वासिक्रिस्टल सापडलं. बरीच टिंगल सोसल्यावर 2011 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याचा अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि लोखंडाचा टिकाऊ प्रकार 1987 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात आन-पांग त्साई आणि सहकाऱ्यांनी शोधला.

पुढं त्साईंनीच ही भुकटी कॉस्टिक सोड्यात टाकून पाहिली. वरच्या थरातलं अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि तांब्याचे अतिसूक्ष्म कण लोखंडाच्या ऑक्साइडसोबत मागं उरतात. त्यावरून मिथेनॉल आणि वाफ सोडली की हायड्रोजन मिळतो. तापल्यावर तांब्याचे कण एकमेकांना चिकटून निकामी होतात, हे तांब्याच्या उत्प्रेरकाचं जुनं दुखणं. इथं ते कमी होतं. युक्ती तशी जुनीच आहे. वनस्पती तूप बनवायला वापरलेलं रेनी निकेल 1920 च्या दशकापासून असंच, निकेल-अ‍ॅल्युमिनियममधलं अ‍ॅल्युमिनियम सोड्यानं काढून करतात. आणि 2012 मध्ये क्वासिक्रिस्टलच्या जवळचं नातं असलेलं, 13 अणू अ‍ॅल्युमिनियमला 4 अणू लोखंड असं संयुग महागड्या पॅलेडियमच्या जागी चालू शकतं, असं दिसलं. काम होतं प्लॅस्टिकसाठीच्या इथिलीनमधलं नकोसं अ‍ॅसिटिलीन घालवायचं.

आता पोटापाण्याचं. मिथेनॉलपासून हायड्रोजन काढायला नेहमीचा उत्प्रेरक तांबं-झिंक ऑक्साइडचाच आहे, त्यामुळे क्वासिक्रिस्टलच्या भरवशावर राहायचं नाही. भरवसा उत्प्रेरणशास्त्रावर ठेवायचा. खत, रिफायनरी, औषधं, सगळीकडं ते लागतं. अलिबागजवळ थळला आरसीएफ ही खत कंपनी अमोनिया करते, तीही उत्प्रेरकांच्याच जिवावर.

मुलीनं एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यावी. नाही जमलं तर आपलं शिवाजी विद्यापीठ आहेच, त्यात कमीपणा काही नाही. एमएस्सी करताना सीएसआयआर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी करावी. त्यातून जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली की पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ठिकाणी पीएचडीचा रस्ता उघडतो, आणि महिना 37,000 रुपये फेलोशिप मिळते. तुमच्या खिशाला फार झळ बसणार नाही. धातूंकडंच ओढ वाढली तर एमएस्सीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन मटेरियल्समध्ये एमटेकही करता येतं. पीएचडीला पाच वर्षं धरून चला, सहाही लागतील. या काळात घरून लग्नाचा तगादा नको, एवढं मात्र तुमच्याकडून हवं.

बी.एड. वाईट नाही, पण जिला शिकवायची हौसच नाही तिला वर्गात उभी करून कुणाचं भलं होणार? एमएस्सीनंतरही ती वाट खुलीच राहते.

या सुट्टीत तिला महिनाभर फौंड्रीत येऊ द्या. ऑफिसात हिशेबाला बसवू नका, भट्टीपाशी उभी करा. वितळ किती तापते, साच्यात कशी थंड होते, रिजेक्ट माल कुठं फुटतो, हे तिनं वहीत टिपावं. पुढं मुलाखतीत हे सांगणारी केमिस्ट्रीची मुलगी क्वचितच भेटेल. फक्त सोड्याचा प्रयोग शेडमध्ये करू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, आणि शेजारी भट्टी पेटलेली असते. तो कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांसमोरच.