कापलेला टीडीएस सरकारजमा झालाच नाही, तर?

प्रश्न : मी नाशिकला इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सुटल्यावर एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज करते. महिना १५,००० रुपये ठरले. त्यातून १,५०० टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापून १३,५०० खात्यात येतात. २०२५-२६ चं रिटर्न पहिल्यांदाच भरायला बसले, तर फॉर्म २६एएसमध्ये (आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) सप्टेंबरपर्यंतचेच ९,००० दिसतात, पुढचे ९,००० नाहीत. सर म्हणतात, "सीए बघतोय, नाहीतर तेवढे रोख देतो, विषय संपव." बाबा म्हणतात, एवढ्याशा कमाईला रिटर्न कशाला? मला पूर्ण १८,००० मागता येतील का?

उत्तर : बाबांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, तुमची वर्षाची कमाई १,८०,००० आणि कापलेला कर २५,००० च्या आत. रिटर्नची सक्ती तुमच्यावर नाही. पण कापलेले पैसे परत हवे असतील तर रिटर्नखेरीज वाट नाही, तेव्हा भरायचंच.

खरी अडचण त्या गायब ९,००० ची आहे. अशा वेळी लोक आयकर कायद्याच्या कलम २०५ चा हवाला देतात. कर कापून घेतला गेला असेल, तर तेवढा कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं ते कलम सांगतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये यशपाल सहानी यांच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं : मालकाने कर कापला आणि भरला नाही, तर आयकर खात्याने मालकाला धरावं, नोकराला नव्हे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला आहे, पण तुमचं वर्ष त्याआधीचं, म्हणून कलमं १९६१ च्या कायद्यातलीच.)

पण तुमच्याकडे आयकर खातं कर मागतंय कुठे? तुमचा कर शून्य आहे. तुम्हाला रिफंड हवा आहे, आणि तिथे कलम १९९ आडवं येतं : जो कर कापला आणि सरकारजमाही झाला, त्याचंच श्रेय (क्रेडिट) मिळतं. सरकारकडे न पोचलेले पैसे सरकार आपणहून परत करत नाही. कोर्टात जाऊन भांडता येईल, पण ९,००० रुपयांसाठी मी कुठल्याच अशिलाला त्या पायऱ्या चढायला सांगणार नाही. म्हणून १८,००० चा दावा टाकून बघू, असं करू नका. संगणक २६एएसशी ताळा करतो, ९,००० तेवढे मंजूर होतात आणि बाकीचे नामंजूर झाल्याची सूचना येते.

दाब द्यायचा तो सरांवर. पण आधी एक शक्यता तपासा. कर भरला गेला, पण सरांनी दर तिमाहीला द्यायच्या टीडीएसच्या विवरणपत्रात तुमचा पॅन चुकीचा पडला, असं नेहमी होतं. ते दुरुस्त विवरणपत्र देऊन सुधारता येतं. म्हणून सरांना सरळ ईमेल करा, व्हॉट्सॲपवर मोघम विचारत बसू नका : "सर, ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ या काळात माझ्या मानधनातून कापलेले ९,००० रुपये २६एएसमध्ये दिसत नाहीत. कृपया या रकमेचा चलन क्रमांक, भरणा केल्याची तारीख, बँकेचा बीएसआर कोड आणि दोन्ही तिमाहींचे फॉर्म १६ए सात दिवसांत द्यावेत." (चलन म्हणजे कर भरल्याची पावती, बीएसआर कोड म्हणजे बँक शाखेचा क्रमांक, फॉर्म १६ए म्हणजे कर कापल्याचा दाखला.) चलन असेल तर लगेच मिळेल. टाळाटाळ झाली, तर काय समजायचं ते समजा.

सीए "बघतोय" म्हणजे काय, हेही सरांना कळू द्या. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला की दरमहा दीड टक्का व्याज. ऑक्टोबर-डिसेंबरचं विवरणपत्र ३१ जानेवारीला आणि जानेवारी-मार्चचं ३१ मेला द्यायला हवं होतं. त्याला रोज २०० रुपये लेट फी, कापलेल्या कराच्या रकमेएवढी होईपर्यंत. कर कापून स्वतःकडे ठेवणं हा खटला भरण्याजोगा गुन्हाही आहे. हे धमकीच्या सुरात सांगायची गरज नाही. त्यांचे सीए हे जाणून असतात.

रोख देतो म्हणाले, त्याचं काय? रोख घेऊ नका. कायद्याने त्यांनी तो कर भरायलाच हवा. तरीही ते पैसे परत द्यायला तयार असतील, तर बँकेतून घ्या, "मानधनाची उर्वरित रक्कम" असं लेखी घ्या, आणि मग त्या ९,००० चा रिटर्नमध्ये दावा करू नका. उद्या त्यांनी विवरणपत्र भरलं आणि ती नोंद उगवली, तरीही नाही. दोन्हीकडून घेतलंत तर चूक तुमची ठरेल.

आता फॉर्म. २६एएसमध्ये कलमाच्या रकान्यात १९४जे (व्यावसायिक मानधनावरचा टीडीएस) असणार, म्हणजे कागदोपत्री तुम्ही नोकर नाही, व्यावसायिक आहात. पगार धरला असता तर १,८०,००० वर एक पैसाही कापायचा नव्हता. ठरलेली वेळ, ठरलेला पैसा, कॉम्प्युटर सरांचा, आणि तरी "व्यावसायिक" : असं लावलं की पीएफसारख्या जबाबदाऱ्यांपासून ऑफिस मोकळं राहतं. मला हे पटत नाही, पण ते भांडण रिटर्नमध्ये काढू नका. मैत्रिणी भरतात म्हणून 'सहज' नावाचा फॉर्म, म्हणजे आयटीआर-१, भरू नका; नोंदींशी मेळ बसला नाही की सदोष रिटर्नची नोटीस येते. 'सुगम', म्हणजे आयटीआर-४, घ्या आणि छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कलम ४४एडीएखाली वर्षाच्या जमेपैकी निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवा. जमा लिहिताना खात्यात आलेले १,६२,००० नव्हे, पूर्ण १,८०,००० लिहा. पहिलं रिटर्न भरणारे इथे हमखास चुकतात. बचत खात्याचं व्याजही विसरू नका.

सरांच्या उत्तरासाठी रिटर्न अडवून ठेवू नका. ३१ ऑगस्टच्या आत २६एएसमध्ये दिसणाऱ्या ९,००० चा दावा करून भरा. बँक खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्या, पॅन आधारशी जोडलेला आहे ना ते बघा, आणि भरल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर भरलेलं न भरल्यात जमा. राहिलेली नोंद नंतर आली, तर ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरून तेही ९,००० मागा.

सात दिवसांचे पंधरा झाले आणि उत्तर नाही, तर आयकर पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तुमच्या भागाच्या टीडीएस अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. सोबत बँकेचं स्टेटमेंट, १५,००० ठरल्याचे मेसेज आणि तो ईमेल जोडा. सरांचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) २६एएसमध्ये पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदींशेजारीच मिळेल.